लवंगेच्या शाळेची गोष्ट : लंडनमधल्या मराठी पालकांना खुलं पत्र

प्रिय पालक मंडळी,
सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबर लागला की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन गोष्टी एकदमच सुरू होतात, फराळाच्या ऑर्डरी आणि सेकंडरी शाळांच्या चौकश्या. भाजणीची चकली अर्धा किलो, अनारसे मिळतील का, आणि लगेच खाली ‘अमुक शाळा कशी आहे? कोणाला अनुभव?’ इयर सेव्हनचे, म्हणजे सेकंडरीच्या पहिल्या वर्षाचे, अर्ज ३१ ऑक्टोबरपर्यंत भरायचे असतात, त्यामुळे घाई मी समजू शकते. गेल्या आठवड्यात एका वहिनींनी पूर्व लंडनमधल्या एका शाळेबद्दल असंच विचारलं. चार मिनिटांत सात उत्तरं आली. ‘बघूच नका.’ ‘क्राउड चांगलं नाही.’ ‘आमच्या ओळखीतल्यांनी त्या एरियातलं घरच विकलं.’ एकानं नुसते हात जोडलेला इमोजी टाकला.

माझ्या अंदाजानं त्या सातांपैकी कोणीच त्या शाळेच्या फाटकातून आत गेलेलं नाही. गेले असते तर मी दिसले असते. मी तिथे अकरा वर्षं गणित शिकवते.

उत्तर लिहायला घेतलं, खोडलं, पुन्हा घेतलं. स्वतःच्या शाळेची बाजू घेणाऱ्या बाईचं कोण ऐकणार? म्हणून हॅकनी डाउन्स नावाच्या दुसऱ्याच एका शाळेची गोष्ट सांगते. ती आता या नावाने अस्तित्वात नाही, त्यामुळे तिच्या प्रवेशासाठी मी कोणाला गळ घालतेय असंही होणार नाही.

लिव्हरपूल स्ट्रीटहून ओव्हरग्राउंड पकडलीत की बेथनल ग्रीन, केंब्रिज हीथ, लंडन फील्ड्स आणि मग हॅकनी डाउन्स. स्टेशन सोडल्यावर रुळांना दोन फाटे फुटतात. त्या दोन फाट्यांच्या बेचक्यात एक शाळा बसलेली आहे, रुळांकडे पाठ करून आणि समोरच्या मोकळ्या मैदानाकडे तोंड करून. या जागेवर १८७६ पासून, मधली जवळजवळ पावणेनऊ वर्षं सोडली तर, शाळाच आहे.

१८७६ साली ती उघडली ग्रोसर्स कंपनीनं. कंपनी म्हणजे लंडनच्या किराणा-मसाल्याच्या व्यापाऱ्यांचा जुना संघ. ११८० च्या नोंदीत ही मंडळी ‘पेपरर्स’ म्हणून भेटतात, आपल्या भाषेत मिरीवाले. पुढे ते ग्रोसर झाले. त्यांच्या ढालीवर नऊ लवंगा आहेत आणि वर शिरपेचाच्या जागी मिरी लादलेला उंट. युरोपात तेव्हा जाणारी मिरी आपल्याच मलबारची. या लवंगांवरून शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या संघटनेचं नावही ‘क्लोव्ह क्लब’ पडलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला मसालेभाताची फोडणी आठवली आणि ही शाळा उगाचच जवळची वाटायला लागली. तेव्हापासून माझ्यापुरती ती लवंगेची शाळा.

कंपनीकडे आधीच एक शाळा होती, नॉर्थहॅम्प्टनशरमधलं आउंडल. विल्यम लॅक्स्टन नावाच्या ग्रोसरनं, जो लंडनचा लॉर्ड मेयरही झाला होता, १५५६ मध्ये मृत्युपत्रातून तिची सोय केली. हॅकनीची शाळा ही त्यामानानं धाकटी सून. दुकानदार, कारकून, लहान व्यापारी यांच्या मुलांसाठी, परवडेल अशा फीत चालणारी. १९०६ मध्ये कंपनीनं हॅकनीची शाळा लंडन काउंटी कौन्सिलला देऊन टाकली आणि आउंडल स्वतःकडे ठेवलं. आउंडल आजही कंपनीच्या छत्राखाली आहे. तिथली वसतिगृहासकट वर्षाची फी ऐकली तर आपल्यातले बरेच जण आधी खुर्ची शोधतील. दोन बहिणी, एक सरकारात दिली, एक माहेरीच राहिली, आणि शंभर वर्षांत दोघींच्या वाट्याला काय आलं हे बघितलं तरी इंग्लंडमधल्या शिक्षणाचं निम्मं गणित सुटतं.

सरकारात गेलेल्या शाळेचं नाव झालं हॅकनी डाउन्स स्कूल. आणि तिथे जे ‘क्राउड’ आलं ते कोणाचं? झारच्या रशियातून, पोलंडमधून जीव मुठीत धरून आलेल्या ज्यूंच्या मुलांचं. त्यांचे आईबाप आधी ईस्ट एंडच्या खुराड्यांत राहिले, शिवणकाम करून चार पैसे गाठीला बांधले आणि उत्तरेला हॅकनीत सरकले. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास शाळेतली जवळजवळ निम्मी मुलं ज्यू होती. त्यांच्याबद्दल काय बोललं जात असेल त्याची कल्पना करायला फार डोकं लागत नाही. युद्ध संपल्यावरही जवळच्या डॉल्स्टनमध्ये फॅसिस्टांच्या सभा भरत होत्या.

त्यातलाच एक हॅरॉल्ड पिंटर. बाप बायकांचे कपडे शिवणारा शिंपी. १९४४ मध्ये तो या शाळेत आला आणि जोसेफ ब्रिअर्ली नावाच्या इंग्रजीच्या मास्तरांच्या हाती सापडला. मास्तर त्याला घेऊन हॅकनीच्या रस्त्यांवर लांब लांब चालत, नाटकांवर बोलत. १९४७ मध्ये शाळेच्या नाटकात पिंटर मॅकबेथ झाला, पुढच्या वर्षी रोमिओ. क्रिकेटचं वेडही त्याला आयुष्यभर पुरलं, तेव्हा तो आपलाच म्हणायला हरकत नाही. २००५ चं साहित्याचं नोबेल त्याला मिळालं. मायकेल केन हा नटही या शाळेत वर्षभर होता, पण केनच्या नावानं शाळेची जाहिरात करणं म्हणजे एक दिवस पाहुणा आलेल्या जावयाच्या नावानं घर ओळखण्यासारखं आहे. मला विचाराल तर या शाळेचा खरा माणूस ब्रिअर्ली. १९७७ मध्ये ते गेले, आणि पिंटरनं त्यांच्यावर कविता लिहिली. आपल्यातल्या कोणत्या शिक्षकावर कोण कविता लिहील, हा विचार कधीकधी वह्या तपासताना मनात येतो.

१९४४ च्या शिक्षण कायद्यानं सरकारी ग्रामर शाळांची, म्हणजे निवडक मुलांच्या शाळांची (हॅकनी डाउन्स त्यातलीच), फी गेली आणि तिच्या जागी अकराव्या वर्षीची परीक्षा आली, इलेव्हन-प्लस. तुमच्यापैकी स्लाव, सटन, बार्नेटकडच्या मंडळींना हिची ओळख करून द्यायला नको. इयर फोरपासून शनिवारची ट्यूशन लावून बसलेल्या मुलांना मी ओळखते, त्यांच्या आयांनाही. इंग्लंडभरात अशा ग्रामर आता १६३ उरल्यात. लंडनच्या बहुतेक भागांत त्या गेल्या, कारण साठच्या दशकात सरकारनं ठरवलं की अकराव्या वर्षी पोरांची चाळण करायची नाही, सगळ्यांना एकाच शाळेत घालायचं. हॅकनी डाउन्स १९६९ मध्ये अशी ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ झाली. त्याआधी १९६३ मध्ये आगीत जुन्या इमारतीचा बराच भाग गेला होता.

इथपर्यंतचा इतिहास मी भरभर सांगितला, कारण पुढचं जरा सावकाश बघायचं आहे.

ऐंशीच्या दशकात हॅकनी लंडनमधल्या सगळ्यात गरीब भागांपैकी एक होतं. ज्यू कुटुंबं आणखी उत्तरेला सरकली होती, त्यांच्या जागी कॅरिबियन, नायजेरियन, तुर्की, कुर्द, बांगलादेशी आली. याच काळात कायदे बदलले. १९८८ च्या कायद्यानं पालकांना शाळा निवडायचा अधिक अधिकार दिला आणि मुलामागे पैसा अशी पद्धत आणली : जितकी डोकी तितकं अनुदान. १९९० मध्ये सगळ्या इनर लंडनच्या शाळा सांभाळणारी जुनी संस्था मोडीत काढली आणि शाळा एकेका बरोच्या, म्हणजे लंडनच्या एकेका भागाच्या कौन्सिलच्या, हवाली केल्या. १९९२ पासून निकालांचे तक्ते वर्तमानपत्रांत छापून यायला लागले. त्याच वर्षी शाळांची तपासणी करणाऱ्या ऑफस्टेडची स्थापना झाली.

आता या चार गोष्टी एका शाळेच्या गळ्यात एकदम बांधून बघा. निकाल खाली, म्हणून ज्यांना शक्य आहे ते पालक दुसरीकडे जातात. मुलं कमी, म्हणून पैसे कमी. पैसे कमी, म्हणून शिक्षक सोडून जातात आणि त्यांच्या जागी आठवड्याआठवड्याला बदलणारे सप्लायचे शिक्षक येतात. वर्गात जागा रिकाम्या असल्या की वर्षाच्या मध्येच आलेली मुलं तिथेच पाठवली जातात, म्हणजे कालच विमानातून उतरलेली, दुसऱ्या शाळेनं काढून टाकलेली, तात्पुरत्या घरांतून दर सहा महिन्यांनी हलवली जाणारी. ती मुलं वाईट असतात असं अजिबात नाही, पण त्यांना सांभाळायला दुप्पट माणसं लागतात आणि शाळेकडे असतात निम्मी. मग निकाल आणखी खाली येतात. पुढचा तक्ता छापून येतो.

हॅकनी डाउन्सचं नेमकं हेच झालं. मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर हंगामी माणसं येत-जात राहिली. शिक्षकांच्या आपसातल्या भांडणांनीही हातभार लावला, हे लपवण्यात अर्थ नाही. शाळेचं काहीच चुकलं नाही असं मी म्हणत नाहीये. हॅकनी कौन्सिलनं १९९५ मध्ये शाळा बंद करायचं ठरवलं आणि मग निर्णय फिरवला. त्यावर केंद्र सरकारनं त्याच वर्षी जुलैमध्ये एक खास मंडळ नेमलं, १९९३ च्या कायद्यातल्या तरतुदीनुसार. ती तरतूद त्याआधी कधी वापरली नव्हती, त्यानंतरही नाही. वर्तमानपत्रं ‘ब्रिटनमधली सगळ्यात वाईट शाळा’ असं छापून मोकळी झाली होती. मंडळानं बंद करा म्हटलं. पालक कोर्टात गेले, हरले. ३१ डिसेंबर १९९५ ला शाळा बंद झाली.

तारीख परत वाचा. डिसेंबर. इयर इलेव्हनच्या पोरांची जीसीएसई, म्हणजे इथली दहावी, पाच महिन्यांवर आली असताना. मुलांना होमर्टन हाउस नावाच्या शाळेत हलवलं. पुढे ती शाळाही बंद झाली आणि तिच्या जागेवर २००९ मध्ये एक अकॅडमी, म्हणजे कौन्सिलऐवजी थेट केंद्राच्या पैशावर चालणारी शाळा, उभी राहिली. दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर सबंध वर्ग उचलून दुसऱ्या शाळेत नेऊन बसवला असता तर आपल्या गावच्या पालकांनी काय केलं असतं, सांगा. रास्ता रोको तरी झाला असता.

मग २००४ च्या सप्टेंबरात त्याच बेचक्यात नवी शाळा उघडली, मॉसबोर्न. हॅकनीत वाढलेले उद्योजक क्लाइव्ह बोर्न यांनी पैसा घातला, सरकारनं बराच मोठा घातला, इमारत रिचर्ड रॉजर्स यांच्या कचेरीनं आखली, व्ही आकाराची, मघाशी म्हटलं तशी रुळांकडे पाठ करून. मुख्याध्यापक मायकेल विल्शॉ. २००९ मध्ये पहिली तुकडी जीसीएसईला बसली आणि दहातल्या आठांहून अधिक मुलांचा निकाल असा लागला की देशभर चर्चा झाली. त्याच वर्षी सिक्स्थ फॉर्म सुरू झाला, आणि दोन वर्षांनी तिथल्या मुलांना केंब्रिजमधून प्रवेशाची पत्रं आली. २०१२ मध्ये विल्शॉ ऑफस्टेडचेच प्रमुख झाले.

इथे जरा थांबून सिक्स्थ फॉर्मबद्दल. माझ्या मिरजेच्या सासूबाईंना फोनवर मी सांगितलं की नात आता सिक्स्थ फॉर्मला गेली. पलीकडे शांतता. मग म्हणाल्या, ‘अगं, सतरा वर्षांची पोर सहावीत?’ हिशेब असा आहे की जुन्या पद्धतीत सेकंडरीचं पहिलं वर्ष म्हणजे फर्स्ट फॉर्म, सोळाव्या वर्षी फिफ्थ, आणि त्यानंतरची दोन वर्षं लोअर सिक्स्थ नि अप्पर सिक्स्थ. आता त्यांना इयर ट्वेल्व्ह, थर्टीन म्हणतात, पण नाव चिकटलंय. आपली अकरावी-बारावीच, फक्त विषय साधारण तीन. आणि शाळेला सिक्स्थ फॉर्म असणं म्हणजे नुसत्या दोन वाढीव इयत्ता नव्हेत. अकरा वर्षांचं पोर रोज कॉरिडॉरमध्ये अशा ताईदादांना बघतं ज्यांचे युनिव्हर्सिटीचे अर्ज चालू आहेत. ज्या घरात कोणी युनिव्हर्सिटी पाहिलेली नाही त्या घरातल्या पोराला हे दिसणं फार मोलाचं असतं.

तर मॉसबोर्नवर परत येते. ‘त्याच वस्तीतली तीच मुलं, बघा शिस्तीनं काय होतं’ असं सगळे सांगायला लागले. शिस्त कडक आहे यात शंका नाही. विल्शॉंच्या काळात प्रत्येक तासाच्या सुरुवातीला सगळा वर्ग एक प्रतिज्ञा म्हणायचा, आपण ‘भारत माझा देश आहे’ म्हणायचो तशी. असली शिस्त सगळ्या मुलांना मानवत नाही. माझ्या धाकट्याला मानवली नसती. पण मी गणिताची बाई, मला दुसरेच आकडे दिसतात. ही शाळा पहिल्या वर्षी फक्त इयर सेव्हन घेऊन उघडली. दर वर्षी एक नवी इयत्ता, पाच वर्षांत भरली. जुन्या शाळेला सगळा बिघडलेला संसार एकदम सांभाळावा लागला होता, हिला पाटी कोरी मिळाली. इमारत नवी, मुलगे-मुली दोन्ही, वर्ग भरलेले, म्हणजे अनुदान पुरं. आणि प्रवेशाची पद्धत : अर्ज करणाऱ्या सगळ्या मुलांची एक परीक्षा होते, पण नापास करायला नव्हे. गुणांप्रमाणे चार गट पाडतात आणि प्रत्येक गटातून मुलं घेतात. त्यामुळे वर्गात हुशार, मध्यम, मागे पडलेली, सगळी येतात. जुन्या शाळेकडे पहिला गट जवळजवळ पोचतच नव्हता, तो आधीच दुसरीकडे निघून गेलेला असायचा.

म्हणजे वस्ती तीच होती, पण वर्गात बसलेली मुलं तीच नव्हती. पळून जाणारे पालक या वेळी पळाले नाहीत, एवढा मोठा फरक पडला होता. तो विल्शॉंचा, बाकी शिक्षकांचा आणि या पालकांचा, असा तिघांचा मिळून.

आता आपल्याकडे वळते. ऑफस्टेडनं सरकारी शाळांना एका शब्दात तोलणं २०२४ च्या सप्टेंबरात बंद केलं. आपल्या ग्रुपनं केलेलं नाही. आपण अजून जुन्या अहवालांचे स्क्रीनशॉट फिरवतो. आणि ‘क्राउड’ हा शब्द वापरताना आपल्याला काही वाटत नाही. तो शब्द आपल्याबद्दल कोणी वापरला नसेल असं वाटतं का? मी इथे आले तेव्हा ज्या रस्त्यावर आम्ही भाड्यानं घर घेतलं, तिथल्या शेजारच्या आजींनी पहिल्याच आठवड्यात मला प्रेमानं सांगितलं होतं की हा रस्ता पूर्वी फार चांगला होता. मी चहा पीत मान डोलावली. घरी येऊन कळलं की बिघाड म्हणजे मीच.

माझ्या शाळेतल्या एकाबद्दल सांगते, नाव नाही सांगत. इयर नाइनच्या फेब्रुवारीत आला, तीन देश पालथे घालून. इंग्रजी शून्य. पहिल्या दिवशी मी फळ्यावर २.५ लिहिलं तर त्यानं येऊन टिंब पुसलं आणि तिथे स्वल्पविराम काढला, त्याच्याकडे दशांश तसे लिहितात. माझ्याकडे असं बघितलं की बाई, एवढंही येत नाही? जीसीएसईला त्याला गणितात नऊपैकी सहा मिळाले, इंग्रजीत तीन. तक्त्यात एक रकाना असतो, ‘इंग्रजी आणि गणित दोन्हीत पाच किंवा वर’. त्या रकान्यात हा मुलगा नापास. तुम्ही शाळेची टक्केवारी बघून नाक मुरडता तेव्हा त्या टक्केवारीत तो असा बसलेला असतो. आता तो आमच्याच सिक्स्थ फॉर्मला आहे, ए-लेव्हलचं गणित करतो आणि बरोबरीनं इंग्रजीची परीक्षा पुन्हा देतोय.

तुमच्या मुलांना माझ्याच शाळेत घाला असं मी म्हणत नाही. तुमचं पोर, तुमचा निर्णय, आणि अकराव्या वर्षी आपल्या पोराला कोणी प्रयोगाला लावावं असंही मला वाटत नाही. माझं मागणं फार लहान आहे. अर्जात सहा शाळा लिहायला जागा असते. त्यातल्या एका जागी चालत जाता येईल अशी, तुम्ही स्वतः आत जाऊन पाहिलेली शाळा लिहा. एखाद्या साध्या मंगळवारी साडेतीनला फाटकाशी उभे राहा, सुटलेली मुलं एकमेकांशी कशी बोलतात ते ऐका. आत गेलात तर विचारा की गणिताचे किती शिक्षक कायमचे आहेत आणि किती सप्लायचे. मुख्याध्यापक किती वर्षं आहेत. वर्षाच्या मध्ये आलेल्या मुलांचं काय करता. या तीन प्रश्नांच्या उत्तरांत जे कळतं ते कुठल्याही तक्त्यात मिळणार नाही. आणि न पाहिलेल्या शाळेबद्दल ग्रुपवर लिहायचं असेल तर ‘मी पाहिलेली नाही’ हे तीन शब्द आधी टाका. एवढंच.

ज्या वहिनींनी विचारलं होतं त्यांना मी वेगळा मेसेज केला आहे. बाकीच्यांसाठी इथे लिहिते. येत्या गुरुवारी संध्याकाळी सहाला आमची ओपन इव्हनिंग आहे. फाटकाशी स्वागताला सिक्स्थ फॉर्मची मुलं उभी असतील. त्यातल्या एका उंच, बारक्या मुलाला गणिताची खोली विचारा, तो स्वतः दुसऱ्या मजल्यापर्यंत सोडायला येईल आणि वाटेत तुमच्या पोराला एखादं कोडं घालेल. दारावर माझं आडनाव आहे. त्यातला ‘ळ’ इथे कोणालाच जमत नाही, म्हणून सगळे मिस के म्हणतात.

तुमचीच,
ग्रुपवर सहसा गप्प असणारी एक गणिताची बाई